रक्तपेढी, दवाखाना आणि शासन: जरीपटक्यातून दिसणारा एचआयव्ही-प्रतिबंधाचा इतिहास

महाराष्ट्रातील एचआयव्ही-नियंत्रणाचा इतिहास बहुधा मुंबईच्या कामाठीपुऱ्यापासून, सांगलीतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेपासून किंवा मालमोटारींच्या महामार्गांपासून सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण शासनाने आपला पैसा, माणसे आणि लक्ष दीर्घकाळ त्याच ठिकाणी केंद्रित केले होते. उत्तर नागपुरातील जरीपटका ही वस्ती या इतिहासात सहसा येत नाही. येथे हा विषाणू ज्या मुलांपर्यंत पोहोचला, ती कोणत्याही ‘जोखमीच्या गटा’त मोडत नव्हती, जगण्यासाठी दर काही आठवड्यांनी ज्यांना दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते, अशी ती बालके होती. त्यामुळे शासनाचा आरोग्य विभाग आणि वस्तीतला दवाखाना यांची भागीदारी कोठे भक्कम झाली आणि कोठे तिचा विचारच झाला नाही, हे तपासायचे असेल तर जरीपटक्याकडे पाहावे लागते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांपैकी अनेकांनी नागपुरात जरीपटका आणि खामला या भागांत नव्याने संसार मांडले. छोटी दुकाने, कापडाचा व किरकोळ वस्तूंचा व्यापार, शिक्षणसंस्था आणि समाजाच्या पंचायती यांच्या बळावर एका पिढीतच जरीपटका ही शहरातील गजबजलेली बाजारपेठ झाली. मात्र या कुटुंबांनी सिंधमधून आपल्याबरोबर एक अदृश्य वारसाही आणला होता. बीटा थॅलेसिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असून त्यात हिमोग्लोबिनची एक साखळी पुरेशी तयार होत नाही. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असले, म्हणजे स्वतः निरोगी असूनही दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारे असले, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल गंभीर स्वरूपाच्या थॅलेसिमियासह जन्मण्याची शक्यता चारात एक असते. देशात वाहकांचे सरासरी प्रमाण तीन ते चार टक्के मानले जाते, परंतु सिंधी, पंजाबी, लोहाणा यांसारख्या समाजांत ते त्याहून कितीतरी अधिक आढळते. समाजातल्या समाजात विवाह करण्याची प्रथा हे त्याचे एक कारण आहे.

विदर्भाचे वैशिष्ट्य असे की येथे या आजाराच्या शेजारी दुसराही एक आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हापासून नागपूर हे या आजाराच्या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र राहिले आहे. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि जरीपटक्याला लागून असलेला इंदोरा हा परिसर आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला आहे. थॅलेसिमिया असलेली सिंधी आणि सिकलसेल असलेली बौद्ध किंवा आदिवासी कुटुंबे अशा रीतीने एकाच दवाखान्याच्या दारात येण्याची परिस्थिती येथे निर्माण झाली. जरीपटक्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. विंकी रुघवानी यांच्या पुढाकाराने चालणारे थॅलेसिमिया व सिकलसेल केंद्र याच गरजेतून उभे राहिले.

अशा केंद्राचे काम बाहेरून साधे दिसते, पण त्याची शिस्त कठोर असते. थॅलेसिमियाच्या गंभीर रुग्णाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशींची पिशवी चढवावी लागते. पिशवी रक्तपेढीतून मिळवायची, जुळणी करून घ्यायची, मुलाला काही तास खाटेवर ठेवायचे आणि प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात साचणारे लोह बाहेर काढणारी औषधे रोज द्यायची, असा हा न संपणारा क्रम असतो. तीन आठवड्यांचे अंतर धरले तर वर्षाला सतरा वेळा आणि दहा वर्षांत सुमारे एकशे सत्तर वेळा हे मूल रक्त घेते. म्हणजे वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत जवळजवळ दोनशे अनोळखी दात्यांच्या आरोग्याशी त्याचे आयुष्य बांधले जाते. या हिशेबातच पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. ज्या जोखमीचे प्रमाण एका पिशवीमागे नगण्य वाटते, ती शेकडो पिशव्यांत मिळून नगण्य राहत नाही.

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकारी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून मिळाला, आणि १९८९ पासून रक्तपेढ्यांत दात्याच्या रक्ताची एचआयव्ही-चाचणी बंधनकारक करण्यात आली. नियम झाला तरी रक्तपेढ्यांची प्रत्यक्ष स्थिती शोचनीय होती. शासनानेच नेमलेल्या एका सल्लागार संस्थेने १९९० मध्ये पाहणी केली तेव्हा देशातील १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत असल्याचे आढळले. पैशासाठी पुन्हापुन्हा रक्त विकणारे व्यावसायिक दाते हा त्या व्यवस्थेचा कणा होता. भूक आणि व्यसन यांनी ग्रासलेल्या या माणसांच्या रक्तात हिपॅटायटिस आणि एचआयव्ही यांचा धोका अधिक असे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने ही स्थिती सर्वोच्च न्यायालयासमोर मांडली आणि ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने दिलेल्या निकालाने भारतीय रक्तपेढ्यांचा इतिहास बदलला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या, परवान्याची सक्ती झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. न्यायालयाच्या रेट्याखाली का होईना, भारतीय आरोग्य व्यवस्थेने इतक्या थोड्या काळात केलेली इतकी मूलगामी सुधारणा क्वचितच दाखवता येईल.

महाराष्ट्राने या सुधारणेला स्वतःची जोड दिली. गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालये, राजकीय पक्ष आणि धार्मिक संस्था यांच्या रक्तदान शिबिरांची परंपरा येथे इतकी रुजली आहे की अलीकडच्या वर्षांत राज्यात दरवर्षी वीस लाखांच्या आसपास पिशव्या जमा होतात आणि त्यांतील बहुतांश स्वेच्छेने दिलेल्या असतात. थॅलेसिमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार यांच्या रुग्णांना रक्त विनाशुल्क मिळावे, असे धोरणही स्वीकारले गेले. नागपूरच्या व्यापारी आणि सामाजिक संस्थांनी भरवलेल्या शिबिरांतून या मुलांना वर्षानुवर्षे रक्त मिळत आले आहे, आणि त्या दात्यांचे ऋण कोणत्याही टीकेच्या आधी नोंदवले पाहिजे.

याच काळात एचआयव्ही-प्रतिबंधाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहत होती. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे ‘नॅको’ स्थापन झाली आणि १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था व मुंबईसाठी वेगळी जिल्हा संस्था अस्तित्वात आली. या संस्था सोसायटी म्हणून नोंदवण्यामागे हेतू असा होता की सरकारी खात्याच्या लाल फितीत न अडकता त्यांना स्वयंसेवी संघटनांशी थेट करार करता यावेत. या करारांतून ‘लक्ष्यगट हस्तक्षेप’ नावाची पद्धत घडली. ज्या गटांत संसर्गाची जोखीम अधिक आहे, त्यांच्यातीलच व्यक्तींना सहकारी शिक्षक म्हणून नेमायचे, त्यांच्यामार्फत निरोध, गुप्तरोगांवरील उपचार आणि तपासणी यांची सोय पोहोचवायची आणि त्यासाठी स्थानिक संस्थेला शासनाने निधी द्यायचा, असा तिचा गाभा होता. नागपुरात इतवारीजवळच्या गंगा-जमुना वस्तीत आणि स्थलांतरित कामगारांत असे काम झाले, आणि ‘सारथी ट्रस्ट’ या संस्थेने समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांच्यात आरोग्य आणि हक्क यांचे काम उभे केले. १ एप्रिल २००४ पासून देशात विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या ‘मेडिकल’मध्ये, आणि ‘मेयो’ रुग्णालयात एआरटी म्हणजे विषाणूरोधक उपचाराची केंद्रे सुरू झाली. बाधित व्यक्तीला आयुष्यभर नियमित औषधे देण्याची व तिच्या प्रकृतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी या केंद्रांकडे असते.

या भागीदारीचे यश नाकारता येत नाही. देशातील नव्या संसर्गांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या तुलनेत मोठ्या प्रमाणात घटले, आणि आजही सर्वाधिक बाधित व्यक्ती, सुमारे चार लाख, महाराष्ट्रात असल्या तरी त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळतात. ज्यांना समाजाने दूर ठेवले होते त्यांच्याच हाती कामाची सूत्रे दिल्यामुळे हे घडले, हे या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे श्रेय आहे. तरीही भागीदारीची चौकट ‘वर्तन’ या एका कल्पनेभोवती रचलेली होती. ज्याच्या वर्तनात जोखीम आहे त्याच्यापर्यंत पोहोचायचे, हे तिचे सूत्र होते. ज्याच्या वर्तनात काहीच जोखीम नाही, पण ज्याच्या उपचारातच ती आहे, अशा मुलाला या सूत्रात जागा नव्हती. त्याचे प्रश्न तीन वेगळ्या दालनांत विभागले गेले. रक्तपेढीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, रक्ताचा पुरवठा व दर्जा रक्त संक्रमण परिषदेकडे आणि संसर्ग झाल्यानंतरचा उपचार एड्स नियंत्रण संस्थेकडे. वस्तीतला थॅलेसिमिया दवाखाना या तिन्हींच्या मधोमध उभा होता, मात्र लक्ष्यगटांत काम करणाऱ्या संस्थांना जशी करारबद्ध आणि निधीप्राप्त जागा मिळाली, तशी त्याला मिळाली नाही.

अमेरिकेतील अनुभव या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्तापासून बनवलेल्या औषधातून बाधा झाल्याचे १९८४ मध्ये निष्पन्न झाले, शाळेने त्याला प्रवेश नाकारला आणि त्याच्या लढ्यामुळे देशाचे लक्ष या प्रश्नाकडे वळले. एप्रिल १९९० मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या नावाने झालेल्या कायद्याने शहरे, राज्यांचे आरोग्य विभाग आणि वस्त्यांतील दवाखाने यांना एकाच निधीच्या सूत्रात बांधले. रक्तातून बाधित झालेल्या एका मुलाच्या नावाखाली सगळ्याच बाधितांची सोय लावणारी ती रचना होती. भारतात उलट घडले: कार्यक्रम मोठा झाला, आणि रक्तातून बाधित झालेली मुले त्याच्या कडेला राहिली.

रक्ताची तपासणी होत असूनही बाधा कशी होते, हे समजण्यासाठी ‘विंडो पिरियड’ ही संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा जो काळ असतो, त्याला हे नाव आहे. रक्तपेढ्यांत सर्वसाधारणपणे वापरली जाणारी एलायझा चाचणी प्रामुख्याने विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागू शकतात. सुधारित एलायझामध्ये विषाणूचे प्रथिनही शोधले जात असल्याने हा काळ काही दिवसांनी कमी होतो. न्यूक्लिइक ॲसिड टेस्ट म्हणजे ‘नॅट’ ही चाचणी थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते, त्यामुळे हा काळ दहा-अकरा दिवसांवर येतो. तो शून्यावर कोणतीच चाचणी आणत नाही. म्हणूनच दात्याने प्रश्नावलीला दिलेली प्रामाणिक उत्तरे आणि शिबिरातील समुपदेशकाची गोपनीय विचारपूस यांना यंत्राइतकेच महत्त्व आहे. ‘नॅट’साठी महागडी यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात, पिशवीमागे खर्च वाढतो आणि देशात ही चाचणी कायद्याने बंधनकारक केलेली नाही. परिणामी काही रक्तपेढ्यांत ती होते आणि पुष्कळ ठिकाणी होत नाही.

मे २०२२ मध्ये जरीपटक्यातून जी बातमी बाहेर आली ती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. नागपुरात थॅलेसिमियाग्रस्त चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. डॉ. रुघवानी यांनी ही बाब जाहीरपणे मांडताना, या मुलांना ‘नॅट’ तपासलेले रक्त मिळायला हवे होते, यावर भर दिला. आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी चौकशीचे आणि दोषींवर कारवाईचे आश्वासन दिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने वृत्तांची स्वतःहून दखल घेऊन महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली आणि सहा आठवड्यांत सविस्तर अहवाल मागवला. मुलांची नावे कोठेही जाहीर झाली नाहीत आणि ते योग्यच होते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्यास मनाई करतो.

या घटनेत वस्तीतील केंद्राच्या भूमिकेचा नीट विचार झाला पाहिजे. तोच मुलगा, तीच मुलगी दर दोन-तीन आठवड्यांनी एकाच ठिकाणी येते, तेथे तिचे वजन, यकृत, लोहाचे प्रमाण तपासले जाते आणि ठरावीक काळाने विषाणूंच्या चाचण्याही होतात; त्यामुळे बाधा झाली तर ती प्रथम येथे लक्षात येते. मोठ्या रुग्णालयात एकदाच रक्त घेऊन गेलेल्या रुग्णाची बाधा कित्येक वर्षे कळत नाही आणि कळली तरी तिचा माग रक्तापर्यंत लागत नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ व्यक्तींनी रक्त घेतल्याने बाधा झाल्याचे सांगितले होते, त्यांत महाराष्ट्रातील २७६ होत्या. हे आकडे समुपदेशनात व्यक्तींनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले होते, त्यांची वैद्यकीय पडताळणी झालेली नव्हती. थॅलेसिमिया केंद्र ही पडताळणी शक्य असलेली मोजकी जागा आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक पिशवीचा क्रमांक, रक्तपेढीचे नाव आणि तारीख मुलाच्या नोंदीत असावी लागते, आणि त्या क्रमांकावरून दात्यापर्यंत पोहोचून त्याची पुन्हा तपासणी करण्याची जबाबदारी शासकीय यंत्रणेने घ्यावी लागते. रक्त घेतल्यानंतरच्या दुष्परिणामांची नोंद करणारा ‘हिमोव्हिजिलन्स’ कार्यक्रम भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला, पण छोट्या दवाखान्यांना त्यात आणण्याचे काम अर्धवट राहिले. मुलाने अनेक रक्तपेढ्यांचे रक्त घेतलेले असते, तेव्हा हा माग आणखी गुंतागुंतीचा होतो.

बाधा झाल्यानंतरचा उपचारही दोन ठिकाणांच्या संवादावर अवलंबून असतो. झिडोव्ह्यूडिन हे विषाणूरोधक उपचारातील जुने औषध अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्तपेशी तयार होणाऱ्या भागावर, परिणाम करून रक्तक्षय वाढवू शकते. थॅलेसिमियाच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट किती गंभीर आहे हे वेगळे सांगायला नको. लोह बाहेर काढणारे डेफेरिप्रोन हे औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते. ही दोन औषधे एकत्र आली तर धोका वाढतो, आणि एआरटी केंद्रातील डॉक्टरला मुलाच्या दुसऱ्या औषधांची माहिती नसेल तर तो टाळता येत नाही. डोल्युटेग्राव्हिरसारखी नवी औषधे मुलांसाठी उपलब्ध झाल्याने पर्याय वाढले आहेत. तरीही कोणती गोळी कोणत्या वेळी द्यायची, कोणती चाचणी किती दिवसांनी करायची, हे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’तील केंद्राने आणि जरीपटक्यातील दवाखान्याने एकत्र बसून ठरवायचे काम आहे. आज तो दुवा बहुतेक वेळा मुलाची आईच असते, जी एका पिशवीत दोन्हीकडचे कागद घेऊन शहराच्या दोन टोकांना जाते. शासनाने जी जोडणी करायची, ती एका थकलेल्या स्त्रीवर सोपवलेली आहे, आणि हे अन्यायाचे आहे.

प्रतिबंधाची दुसरी बाजू विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला वाहक असल्याची तपासणी करण्याची आहे. हिमोग्लोबिनच्या एका घटकाचे प्रमाण मोजणाऱ्या साध्या चाचणीतून थॅलेसिमियाचे बहुतेक वाहक ओळखता येतात. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून शासन, रुग्णांच्या संघटना आणि चर्च यांनी मिळून अशी तपासणी रुजवली आणि नव्या रुग्णांचे जन्म अत्यल्प केले. जरीपटक्यातील सिंधी समाजाच्या पंचायतींना आणि विवाह जुळवणाऱ्या मंडळांना हे काम अवघड नाही, आणि समाजातील डॉक्टरांनी त्यासाठी अनेक वर्षे जागृती केली आहे. जी मुले आज जन्मली आहेत त्यांना मात्र या तपासणीचा उपयोग नाही. त्यांना सुरक्षित रक्तच हवे.

गुजरातमधील जुनागढच्या सरकारी रुग्णालयाशी संबंधित २३ थॅलेसिमियाग्रस्त बालकांना बाधा झाल्याचे २०११ मध्ये उघड झाले होते, तेव्हा देशाने हळहळ व्यक्त केली. अकरा वर्षांनी जरीपटक्यातील चार मुलांची बातमी आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे पाच थॅलेसिमियाग्रस्त मुले बाधित आढळली. प्रत्येक वेळी चौकशीची भाषा झाली, पण ज्या मुलांना आयुष्यभर रक्त घ्यावे लागते त्यांच्यासाठी ‘नॅट’ तपासलेले रक्त आणि पिशवीपासून मुलापर्यंतची एकसंध नोंद यांची देशव्यापी सक्ती झाली नाही. महाराष्ट्राला केंद्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यात थॅलेसिमिया केंद्रे मोजकीच आहेत, त्यांच्या मुलांना लागणाऱ्या पिशव्यांचा हिशेब आधीच करता येतो, आणि एवढ्यांपुरती ‘नॅट’ची व्यवस्था करणे राज्याच्या आवाक्यातले आहे. राज्य रक्त संक्रमण परिषद, अन्न व औषध प्रशासन आणि राज्य एड्स नियंत्रण संस्था यांनी जरीपटक्यासारख्या केंद्रांशी लेखी करार करून त्याची सुरुवात नागपुरातूनच करावी.